कौसल्येच्या पगाराचं शिष्टमंडळ

पिंपळी, ता. बारामती
गुरुवार

श्रीयुत सोपानराव यांस,

पिंपळीहून गेणबाचा रामराम. मामींच्या, तुमच्या मातोश्रींच्या, पायांवर डोकं ठेवलं असं त्यांना सांगा (प्रत्यक्ष वाकायला डॉक्टरांची बंदी आहे, टाके ओले आहेत), वहिनींना नमस्कार, आणि छकुलीचा हलणारा दात पडला असेल तर तो कौलांवर टाकला की नाही तेवढं कळवा. मामींचे गुडघे आता कसे आहेत? उसाची आडसाली लागण उरकली का? आमची बेणं आणण्यापाशीच अडली आहे. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. घरात बोलणारा माणूस मी एकटाच उरलो आहे, ते सोडलं तर सर्व ठीक.

कौसल्या मंगळवारी संध्याकाळच्या एस.टी.नं तुमच्याकडं आली. तिनं तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. बहुतेक काहीच सांगितलं नसेल, कारण ती आईच्या वळणावर गेली आहे, आणि तिची आई बनाबाई तुमची बहीण, म्हणजे मी जास्त काय लिहू. पण तिनं न सांगता तुम्ही माझ्याबद्दल जे समजून बसला असाल, ते तसं नाही. मी लेकीचं वाईट करायला गेलो नव्हतो. पण सोमवारच्या आत हे मिटलं नाही तर पोरीचं पुण्याचं शिक्षण हातचं जाईल, आणि ते बापानं घालवलं हे तुमची बहीण मला जन्मभर ऐकवील. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. पत्र कौसल्येला वाचून दाखवू नका.

तर महिन्यापूर्वी विहिरीतली मोटर वर ओढताना माझ्या पोटात काहीतरी सरकलं, हे तुम्हाला कळलंच होतं. हर्निया निघाला. ऑपरेशन कौसल्येच्याच दवाखान्यात, बारामतीला झालं. सिस्टरचे वडील म्हणून डॉक्टरांनी बिल निम्मं केलं (ही गोष्ट पुढं माझ्या अंगावर येणार आहे, ध्यानात ठेवा). आता खाटेवर उताणं पडलेल्या माणसाला दोनच गोष्टी दिसतात, एक छतावरचा पंखा आणि दुसरं दवाखान्यातलं कामकाज. पंखा बंद होता. म्हणून मी कामकाज बघत राहिलो.

त्या दवाखान्यात सिस्टर तीन. पांढरे कपडे तिघींचे सारखे, टोपी सारखी, आणि पेशंट तिघींनाही सिस्टरच म्हणतो. पहिली मुक्ताबाई. सातवी शिकलेली, कागद कुठलाच नाही, दवाखान्यातच हात बसलेला. दुसरी राजनंदिनी, पुण्याला चार वर्षं शिकून नर्सिंगची बी.एस्सी. झालेली, नवीनच आली आहे. आणि तिसरी आमची कौसल्या. बारावीनंतर सोलापूरला साडेतीन वर्षं काढून, परीक्षा देऊन, मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलात नाव नोंदवलेली. तो नोंदणीचा कागद मी काचेत बसवून पुढच्या खोलीत देवांच्या शेजारी लावला आहे, दसऱ्याला त्याला हार असतो, तुम्ही पाहिलाच आहे.

पडल्या पडल्या मी तिघींचे पगार विचारले. आपल्याकडं पाहुणा उंबऱ्यात आला की चहाच्या आधी एकरी किती टन पडला ते विचारतात आणि त्याचा कुणाला राग येत नाही, त्याच रीतीनं विचारले. मुक्ताबाईला अठराशे. कसे काय, म्हटलं. तर म्हणाली, "आवो, डागदरसायबांचं लगीन व्हायच्या आदीपासनं हितं हाय मी. त्यांची दोनी लेकरं म्या न्हाऊमाखू घातली. रातपाळी कोन करतंय? मीच करते न्हवं?" बिनतोड जबाब होता. राजनंदिनीला तीन हजार, शिवाय वरच्या मजल्यावर राहायला खोली. तिची काही चूक सापडते का म्हणून मी दोन दिवस टपून होतो. पण तिनं सुई पहिल्या फटक्यात शिरेत घातली आणि वर "काका, दुखलं का?" असं विचारलं. रागवायला तिनं जागाच ठेवली नाही.

आणि कौसल्येला पंधराशे. सगळ्यांत कमी.

त्यात बनाबाईची नि तुमची मावसबहीण मला बघायला आली. तिची सून कौसल्येच्याच वर्गातली, कागद तोच, कौन्सिल तेच, फक्त ती लोणी भापकरच्या बाजूला सरकारी नोकरीत आहे. नवीन वेतन आयोग लागल्यापासून तिचा पगार कुठं गेला तो आकडा त्या बाईनं मला जांभळं सोलून देता देता सांगितला. (जांभळं सोलून कोण देतं? पण तिनं दिली.) मला ताडकन उठून बसावंसं वाटलं, पण टाक्यांमुळं उठता येईना, म्हणून पडूनच संताप केला.

सोपानराव, तुम्ही ऊस घालणारी माणसं, तुम्हाला फोड करून सांगायला नको. शिक्षण म्हणजे उसातल्या साखरेचा उतारा. बी.एस्सी.चा उतारा जास्त, तर दर जास्त, मान्य. मुक्ताबाई म्हणजे जुना खोडवा, पण दरसाल खात्रीनं येणारा, त्यालाही दर मिळाला, मान्य. सरकार हा दुसराच कारखाना, त्याचा दर वेगळा, तेही मान्य. पण साडेतीन वर्षं मुरलेला, कौन्सिलचा शिक्का मारलेला माझाच ऊस, आणि काट्यावर दर सगळ्यांत कमी त्यालाच, हे कुठल्या हिशेबात बसतं? मी कौसल्येला विचारलं. ती ताप लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "मला परवडतंय, आप्पा. तुमी नका त्यात पडू." आता शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेली पोरगी "परवडतंय" म्हणते, तेव्हा तिथं काहीतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मला वाटलं पोरगी भिडस्त आहे. पोरगी भिडस्त असली की बापानं बोलायचं असतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

घरी आल्यावर आठवडाभरात मी दादासाहेबांना गाठलं. तेच ते, आमच्या सोसायटीचे माजी चेअरमन, कौसल्येच्या बारशाला मोठ्यानं बोलले होते ते. ते म्हणाले, मागायला रिकाम्या हातानं जायचं नाही, आधी सत्कार, मग मागणी. आपल्याकडची रीतच आहे ती. साहेबांच्या गळ्यात हार घालायचा आणि हार निघायच्या आत निवेदन हातात द्यायचं. माझं ऑपरेशन नीट झालं होतं, म्हणजे सत्काराला कारणही होतं. एक शाल, एक नारळ, दादासाहेब, आणखी तीन सभासद आणि पोटाला पट्टा बांधलेला मी, असे जीपनं मंगळवारी सकाळी दवाखान्यात पोहोचलो. कौसल्येला सांगितलं नव्हतं. (बनाबाईलाही नव्हतं. ती मला म्हणाली होती, टाके ओलं हायती, हिंडू नगा. मी म्हटलं, दवाखान्यातच चाललोय.)

बाहेर बाकावर पेशंट दाटीवाटीनं बसलेले. आम्ही पाच जण थेट आत. डॉक्टरांच्या शेजारच्या टेबलाशी डॉक्टरीणबाई बसतात, दवाखान्याचा पैसा त्याच बघतात. दादासाहेबांनी भाषण सुरू केलं. वैद्यकीय सेवेपासून निघाले ते आमच्या गावच्या पाणी योजनेला वळसा घालून सत्कारावर आले. मी डॉक्टरांच्या खांद्यावर शाल घातली. त्यांच्या गळ्यात नळी तशीच होती, ती शालीत अडकली. जुलैचा उकाडा, अंगावर लोकरी शाल, हातात नारळ, तरी तो भला माणूस हसत होता. तेवढ्यात दादासाहेबांनी मागणी टाकली. बी.एस्सी.ला तीन हजार, तर कौन्सिलवाल्या सिस्टरला निदान पंचवीसशे पाहिजेत, आणि मागच्या दोन वर्षांचा फरक.

डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी मला विचारलं, "गेणबा, हे तुम्हाला कौसल्यानं सांगितलं?"

मी तोंड उघडायच्या आत दादासाहेब म्हणाले, "पोरीनं कशापायी सांगायचं? बाप हाय की हितं बसल्याला. आन् न्हाय परवडत तर तसं सांगा सायेब. आमी आमचा ऊस इंदापूरला घालू."

"कसला ऊस?" डॉक्टर म्हणाले.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं, दारात कौसल्या उभी होती. हातात इंजेक्शनचा ट्रे. तिनं किती ऐकलं होतं ते मला कळेना, पण ऊस तरी तिनं नक्की ऐकला होता. तिचा चेहरा मी तिच्या लहानपणापासून बघतोय, सोपानराव, रडताना बघितला, तापानं फणफणलेला बघितला, पण असा नव्हता बघितला.

मग डॉक्टरीणबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाल्या, "कौसल्याचा पगार चोवीसशेच आहे. त्यातले पंधराशे ती घरी नेते. नऊशे माझ्याकडे ठेवायला देते, दोन वर्षं झाली. पुण्याला पुढची दोन वर्षं करून तिला बी.एस्सी. व्हायचंय. प्रवेश मिळालाय, सोमवारी फी भरून हजर व्हायचंय. सगळा पगार घरी नेला की तो विहिरीत जातो, असं ती म्हणाली होती."

(विहिरीतच गेला, खोटं कशाला बोलू. एकदा मोटर, एकदा पाइप, एकदा विहिरीचं कडं. पण ते पाणी काय मी एकटा पितो का? असा जबाब मला सुचला होता, पण तो घरी आल्यावर सुचला.)

डॉक्टरीणबाईंनी खण उघडला आणि एक जाड पाकीट टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, ती इंदापूरला जाणार असेल तर आजच घेऊन टाका. दादासाहेब माझ्या कानाशी लागले, "घ्या की गेणबा. घरचंच हाय." बाकीचे सभासद छताकडं बघायला लागले. पंखा आज चालू होता. आमची मोटर जळून बारामतीतच दुकानात पडली होती, बेण्याचे पैसे द्यायचे होते, हे त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. तुम्हाला खरं लिहितो. माझा हात टेबलापर्यंत गेला. पाकिटाला लागला नाही, पण गेला. आणि कौसल्या माझ्या तोंडाकडं बघत नव्हती, हाताकडं बघत होती.

तिनं ट्रे खाली ठेवला, पाकीट उचललं, ट्रे परत घेतला आणि वॉर्डात गेली. एका म्हाताऱ्याचं इंजेक्शन राहिलं होतं. डॉक्टरांनी शाल काढली, नीट घडी घातली, नारळासकट माझ्यासमोर ठेवली आणि बाहेरच्या पेशंटला आत बोलावलं. आम्हाला जा म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही. जीपमध्ये दादासाहेब म्हणाले, चर्चा सकारात्मक झाली. मला उतरून चालत यावंसं वाटलं, पण टाके.

संध्याकाळी ती पाळी संपवून दवाखान्यातूनच तुमच्याकडं आली, आणि घरी निरोप आणला तो मुक्ताबाईनं. तेव्हापासून बनाबाई माझ्यासमोर ताट ठेवते आणि भिंतीशी बोलते. काल भिंतीला म्हणाली की पुण्याला मूळ कागद लागतो, नक्कल चालत नाही, आणि मूळ कागद देवाशेजारी आहे. मी तिथंच बसलो होतो, कागदासमोर. काचेत कौसल्येचं पूर्ण नाव, माझ्या नावासकट, आणि कौन्सिलचा शिक्का. मनात आलं की हा भिंतीवर आहे तोवर पोरगी कुठं जात नाही. मग तिला मागायला यावं लागेल. मागायला आली की बोलावं लागेल. असं मी बराच वेळ मनात घोळवत बसलो होतो, हे तुम्हाला लिहायला मला लाज वाटते, पण लिहिलं. मला भीती वाटली, सोपानराव. आज पंधराशेत ती रोज पिंपळीला जेवायला येते. उतारा वाढला की ती पुण्याची होईल, मुंबईची होईल, मुक्ताबाई सांगते की अरबांच्या देशातसुद्धा सिस्टर नेतात. मग जास्तीचा दर घेऊन मी काय करू?

म्हणून काल मी एकटाच परत दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला, बाकावर माझ्या नंबरची वाट बघितली. डॉक्टरांनी टाके बघितले, एक टाका दुखावलाय म्हणाले, हिंडू नका म्हणाले. मी कौसल्येबद्दल विचारायला तोंड उघडलं, तर मलमपट्टी बघत म्हणाले, "तिची जागा तिचीच आहे. शिकून आली तर बी.एस्सी.च्या पगारावर येईल. तुमच्या शिष्टमंडळाचा त्याच्याशी काही संबंध नाही." मी शाल पिशवीतून आणली होती, ती पुढं केली. घेतली नाही. तपासणीचे पैसे मात्र या वेळी पूर्ण घेतले.

तेव्हा तुम्ही एवढंच करा. सोमवारी सकाळच्या पुण्याच्या पहिल्या गाडीत तिला बसवून द्या. ती गाडी पिंपळीवरूनच जाते. मी थांब्यावर कागद घेऊन उभा राहीन. तिनं माझ्याशी बोललंच पाहिजे असं नाही. मामींना परत नमस्कार.

आपला,
गेणबा

ता. क. : पत्र घेऊन येणारा भीमा आमच्या शेजारचा, दुधाच्या गाडीवर असतो, त्याला चहा द्या. त्याच्याकडं एक रुमालाची पुरचुंडी दिली आहे, त्यात दोन हजार आहेत. ते शनिवारी तुम्ही इंदापूरला जाल तेव्हा तिथल्या डॉक्टरांना नेऊन द्या (नाव-पत्ता भीमा सांगेल). त्यांना सिस्टर पाहिजे होती आणि ते पंचवीसशे देणार होते. दादासाहेबांनी इंदापूरचं नाव हवेत घेतलं नव्हतं. मी त्यांच्याकडून कौसल्येच्या नावावर पहिली उचल घेऊन आलो होतो, आणि ती शाल, नारळ, जीप आणि मोटरवाल्यात खर्चसुद्धा झाली होती. हे मी वर लिहिलं नाही. वर लिहायला धीर झाला नाही. बनाबाईला काल कळलं, तेव्हा ती भिंतीशी बोलायची थांबली आणि माझ्याशी बोलली. म्हणाली, "पोरीच्या नावावर उचल घेतली? ती काय कोयता हाय? आन् तुमी मुकादम?" ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांना कोयता म्हणूनच धरतात आणि मुकादम अशीच उचल देऊन बांधून नेतात, आपण दरसाल बघतो, सोपानराव. मला तेव्हा ते दिसलं नाही. एडका विकला. वडिलांच्या कळपातला तेवढाच वाण राहिला होता, पण पैसे पूर्ण आहेत, मोजून घ्या.

ता. क. दुसरा : कागद काचेला चिकटलाय म्हणून फ्रेमसकटच आणणार आहे, असं तिला सांगा. बनाबाई म्हणते, चिकटलेला नाही, मागं बारीक खिळ्यांसारख्या चार चुका ठोकल्या आहेत, काढल्या की कागद सुटतो. बरोबर आहे तिचं, मी काढून बघितल्या आणि परत ठोकल्या. नुसता कागद एस.टी.च्या खिडकीतून देता येतो. फ्रेम खिडकीच्या गजांतून जात नाही. तिला दारापर्यंत यावं लागेल.

ता. क. तिसरा : पत्र वाचून दाखवू नका असं वर म्हटलंय. पण तुम्हाला मोठ्यानं वाचायची सवय आहे आणि तुमचं घर लहान आहे, त्याला माझा इलाज नाही. एक गोष्ट मात्र तिला मुद्दाम सांगा. बी.एस्सी. झाल्यावर कुठं गेलं तर किती पगार पडतो, ते तिनं मला सांगू नये. मी विचारलं तरी सांगू नये.